वर जिना, खाली संडास

तीर्थस्वरूप भाऊजी,

ज्या हातांनी अकरा लाकडी जिने, दवाखान्याचं वळणदार काउंटर, ताईचं न कुरकुरणारं कपाट आणि (कुणाच्या शाळेत न जाता) स्वतःचा रंधासुद्धा बनवला, त्या हातांचा तुम्हाला नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला आता कसा आहे? माझ्या तब्येतीचं विचारलंत, तर बसून वाचा; मलाही बसूनच लिहावं लागतंय.

वाचनालयाचा जिना मी करायला घेतलाय, हे तुम्हाला ठाऊक आहे. जुना काढला, नवा अर्धा झाला, आणि मी दिवसभर वरच्या मजल्यावर. संडास खाली. मध्ये एक शिडी. अशा ठिकाणी जिना करणाऱ्याचंच पोट बिघडावं, याला काय म्हणावं? कधी जुलाब, कधी चार दिवस हरताळ, आणि दोन्ही वेळा पोटात पीळ. मी शिडीवर दिसलो की ग्रंथपालबाई न बोलता संडासाचा दिवा लावून ठेवतात. (बाई भल्या आहेत, पण मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.) हे असंच चाललं तर काम सोडावं लागणार, आणि अर्धा जिना मी जन्मात सोडलेला नाही. म्हणून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी (वयाने माझ्या धाकटीएवढ्या) रक्त तपासलं, शौच तपासलं, वजन पाहिलं आणि म्हणाल्या, "काही सापडलं नाही." मी म्हटलं, "मग फी कशाची?" त्यांनी हसून समजावलं, की आतडं शाबूत आहे, पण चिडकं आहे, मेंदूचे आणि त्याचे निरोप इकडचे तिकडे होतात. ही सोबत होतीच. लगेच विचारती झाली, "मालकावर गेलंय का?" बाई एकदम लिहिण्यात गुंतल्या. मला मात्र पटलं. चौकट काटकोनात, फळी सरळ, बिजागरी नवी, तरी दार अडकतं, असं मी शंभरदा पाहिलंय. तिथे घाईने रंधा मारायचा नसतो. ते केव्हा अडकतं, ते बघायचं असतं.

इतकं कळूनही मी गाढवपणा केलाच. दूध, कांदा, गहू, चहा, तिखट, सगळं एकदम बंद. आठवड्यात पोट शांत. ही म्हणाली, "बरे झालात, की नुसते रिकामे झालात?" मुद्दा बरोबर होता. सगळ्या पाचरी एकदम उपटल्यावर कुरकुर कुठलीची होती, ते कसं कळणार? मग एकेक जिन्नस परत घेतला. दूध निर्दोष सुटलं (मनातल्या मनात माफी मागितली). कांदा अर्धा दोषी. खरे चोर वेगळेच निघाले: उभ्याउभ्या गिळलेलं जेवण, त्यावर कडक चहा, आणि ठेकेदाराचं रोजचं "कधी होणार, मिस्त्री?" तो दारात दिसला की माझ्या पोटात करवत सुरू. आता मी वेळेवर, बसून, चावून जेवतो, संध्याकाळी चालतो, आणि ठेकेदाराला फक्त शनिवारी यायला बजावलंय. दुखणं मुळापासून जाईलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. न जाऊ दे. दमट हवेत फुगतं म्हणून मी लाकूड टाकून देत नाही. फट ठेवून जोडतो. जिना मीच पुरा करणार.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. तुमच्या कारखान्यात रुंद पायऱ्यांची शिडी पडून असेल तर महिनाभर द्या. इथल्या शिडीची एक पायरी हलते, आणि घाईत पाय नेमका तिच्यावरच पडतो. (वर लिहिलेल्या शांततेतही घाई येते. शनिवारी हमखास.)

आणखी एक ता. क. तुम्ही मायेने देऊ केलेली कारखान्यातली देखरेखीची नोकरी, खुर्ची, पंखा आणि संडासाला लागून टेबल, मी घेत नाही. पगार मी हिला वीस हजार सांगितलाय, तेव्हा ताईच्या तोंडून चुकूनही दरमहा अठ्ठेचाळीस हजार निघू नये.