पळसाची पानं तोडू नका

पिपरी (मेघे), वर्धा
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
वर्षालीचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असेल. वांग्याचा तोडा सुरू झाल्याचं आईंकडून कळलं. सुनेचा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र आईंच्या पिशवीत घालून पाठवते आहे. फाडायचं म्हटलं तरी एकदा हातात घ्यावंच लागेल.

होय, आई इथे आहेत. सांबार-मेथीच्या जुड्या विकायला जाते म्हणून घरून निघाल्या आणि पवनारच्या बसने सरळ माझ्या खोलीवर आल्या. त्यांच्यावर रागावू नका. मला बॅग भरायला मदत करताहेत.

परवा मी अंदमानला निघते. तुमचा हेमराज ज्या बोटीवर लोकांना पाण्याखाली घेऊन जायचा, त्याच बोटीवर. आठवडाभर तिथेच जेवायचं, झोपायचं आणि रोज पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं. बोटीवरच्या खोलीत कडक सुटकेसला जागा नसते, म्हणून कापडी बॅग घेतली. पाण्यातल्या चष्म्याची नवी काच टूथपेस्टने घासावी लागते, नाहीतर तिच्यावर वाफ धरते. आईंनी ती पितळेच्या गडव्यासारखी घासली. मळमळीवर म्हणून आवळकाठीची पुडी घातली. रबरी सूट घडी न करता गुंडाळायचा असं मी सांगितलं, तर तो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ तशाच बसल्या. तो हेमराजचा आहे. मला ढगळ होतो.

येत्या अमावास्येला तुम्ही विधी ठरवलाय. देह सापडला नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. तुमचं बोलणं आईंनी जसंच्या तसं सांगितलं: "वर्ष होऊन राह्यलं. पोराले असा अधांतरी किती दिवस ठेवू?"

बाबा, तुमचं काही चुकत नाही. तो कुठल्यातरी बेटावर जिवंत असेल असं मीच गावभर सांगत सुटले होते. ते मलाही खरं वाटत नाही. मी त्याला शोधायला चालले, हेही खरं नाही. लग्नानंतर त्याने मला शिकवलं ते अठरा मीटरपर्यंत. तो शेवटचा दिसला ती कपार त्याहून कितीतरी खोल आहे.

मग कशाला चालले, हे आईंनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "खाली लय अंधार असते काय वं?" मी म्हटलं, टॉर्च असतो.

मग त्यांना फळीवर राहिलेला लांब लाल फुगा दिसला. तो कशाचा, म्हणाल्या. मी सांगितलं की वर आल्यावर तो फुगवून उभा धरतात, म्हणजे बोटवाल्यांना माणूस दुरून दिसतो.

"मंग हे काऊन नाई घेतलं?"

तो मी विसरले नव्हते. तुम्ही विचारलं असतं तर खोटं बोलले असते. आईंनी तो फुगा बॅगेत घातला, वर माझे कपडे रचले, चेन लावली आणि बॅगेवरच बसल्या. मी हे लिहितेय तरी उठलेल्या नाहीत.

मला भीती वाटते. समुद्राची नाही, माझी मलाच. तो गेला त्या पाण्यात उतरल्यावर वर यावंसं वाटेल की नाही, मला खरंच माहीत नाही. आणि न जाता इथे राहिले तर वेड लागेल. एकटी उतरणार नाही आणि मनात काय येतं ते बोटीवर पोचताच त्याच्या सोबत्यांना सांगेन, असा शब्द आईंनी माझ्याकडून घेतलाय.

तुमच्याकडे एकच मागते. विधी मोडा म्हणत नाही, पुढच्या अमावास्येला करा. मी नसताना अग्नी दिलात तर त्या घरात माझं काहीच काम उरणार नाही. अग्नी तुम्हीच द्या. पण पानं मी तोडेन, पुतळा मी बांधेन. त्याची उंची, डावा खांदा जरा खाली झुकलेला, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तेवढं माझ्यासाठी राखून ठेवा, बाबा. त्यासाठी मला वर यावंच लागेल.

येते.

वर्षाली