उपदेशाचा दुसरा भाग

ख्रिस्तात प्रिय दादास,

धाकटीचा सलाम. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायला हात धजत नाही, पण तब्येतीपुरतं विचारशील तर ठीक. (माझा रक्तदाब सोडून. सध्या मला दाराची बेल वाजली तरी धडधडतं.)

तुझे मेहुणे टीव्हीवर गाजताहेत हे तुझ्या कानावर आलंच असेल. आता खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक. तुला ठाऊक आहे, हे चर्चमध्ये उपदेश करतात तो नेहमी दोन भागांत. पहिल्या भागात शंका घेणाऱ्याची बाजू मांडायची, तीही अशी तावातावाने की नवख्याला वाटावं, हा पाळक आता बायबल मिटून घरी जाणार. मग एक गीत. मग दुसऱ्या भागात शंकेचं निरसन, म्हणजे चर्चचा नियमच कसा बरोबर ते. मंडळीला याची इतकी सवय झाली आहे की पहिल्या भागात कुणी दचकत नाही. (खजिनदार तर त्यात झोपूनच घेतात आणि गीताला उठतात.) त्या रविवारी विषय होता, बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांचं काय होतं. यांनी मूठ आपटून सांगितलं, जो देव तान्ह्या बाळाला पाण्याच्या चार थेंबांवाचून बाहेर ठेवतो, त्याच्या दारात मी उभा राहणार नाही. मग गीत सुरू झालं. आणि आमच्या चर्चच्या नव्या छपराची बातमी करायला आलेली चॅनेलची माणसं, गीत म्हणजे कार्यक्रम संपला असं समजून, सामान आवरून निघून गेली!

संध्याकाळी टीव्ही लावला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. छप्पर कुठेच नाही. पडद्यावर आमचे हे, मागे लाल ज्वाळा, खाली ‘बंडखोर पाद्र्याचा देवालाच सवाल’. उकडतं म्हणून यांनी पाळकाची पांढरी गळपट्टी काढून मान पुसली होती, तेवढंच सावकाश फिरवून फिरवून दाखवलं आणि म्हणे, यांनी गळपट्टी भिरकावली. (भिरकावतील कशाला? खुर्चीवर ठेवली होती, मीच घडी केली.) मग चार चौकटींत चार माणसं भांडली. दोघं म्हणाली, यांना हाकला. दोघं म्हणाली, धर्माला असेच लोक हवेत. यांचा फोन नंबर मात्र चौघांपैकी एकानेही मागितला नाही. दुसऱ्या दिवशी एक प्राध्यापक आले, उदारमतवादी धर्मगुरू म्हणून सत्कार करायचाय म्हणाले. हे म्हणाले, मला दुपारी झोपायचंय.

दादा, उपाय अगदी सोपा होता. दुसरा भाग कॅमेऱ्यासमोर म्हणायचा, विषय संपला. मी त्या बातमीदार मुलीच्या हातापाया पडून तिला परत बोलावलं, झग्याला इस्त्री केली, यांना उभं केलं. कॅमेरा सुरू झाला तसा यांनी झगा उतरवून ठेवला. ती बिचारी चहा पिऊन गेली. मी खनपटीलाच बसले तेव्हा म्हणतात कसे, दुसरा भाग वर्षानुवर्षं मीच म्हणत आलोय, पण टीव्हीवर पहिला ऐकला आणि कळलं, मला तेवढंच म्हणायचं होतं. अहो, पण घर चर्चचं आहे, म्हटलं मी. माहीत आहे, म्हणाले, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले! मी कपाळावर हात मारून घेतला. या वयात आम्ही बिऱ्हाड घेऊन जायचं कुठे?

शुक्रवारी चर्चच्या समितीपुढे यांची चौकशी आहे आणि समितीचा अध्यक्ष तू आहेस. एक दिवस आधी ये. यांना समोर बसव, चांगला दम दे, पण दुसरा भाग बोलायला लाव. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. माझा जीव टांगणीला लागलाय रे.

तुझी,
धाकटी

ता. क. येताना तुमची मोठी ट्रंक आण. लागेलच असं नाही. पण यांची पुस्तकं फार आहेत.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करत होते तेवढ्यात वहिनीचा फोन आला. तू बाहेर गेला होतास म्हणे. तिने चॅनेलवर यांना पाहिलंय. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिने एवढंच विचारलं, भाऊजी ते मनापासून म्हणाले का? तुमचं पहिलं बाळ बाप्तिस्म्याचा रविवार उजाडायच्या आत गेलं आणि तू नियमाप्रमाणे त्याला कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरलंस, तेव्हापासून तिने तो विषय कधी काढला नव्हता. आज काढला. खूप वेळ बोलली, रडली, मधेच हसलीसुद्धा. बाळाचं नाव ठरलेलं होतं, हे मला आज कळलं. मी सांगितलं, हो वहिनी, मनापासून म्हणाले. दुसऱ्या भागाचं तिला काही बोलले नाही. तेव्हा दादा, शुक्रवारी जरूर ये. पण यांच्याकडून दुसरा भाग म्हणवून घ्यायचा असेल, तर निघण्याआधी तो एकदा वहिनीला म्हणून दाखव.