मका नको, सरकीच

आत्याबाई, पाया पडते.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक असून लिहितेय. आज शेजारच्या गणपतभाऊंशी कडाक्याचं भांडून आले. असं भांडण घरी येऊन सांगायला मला सासूच लागते, त्याला मी काय करू?

भांडण कशावरून? तुमच्या हरणांवरून!

उन्हाळ्यात माळ करपला की म्हशीच्या खुराकातली थोडी सरकी ओटीत घालून तुम्ही माळावर न्यायचात. म्हैस दूध कमी देते म्हणून मी तिला बोल लावायचे आणि तुम्ही साळसूदपणे म्हणायचात, "वय झालं गं तिचं." आत्याबाई, शोभलं का हे?

आधी हरणं नुसती हुंगून निघून जायची. तुम्ही हटला नाहीत. मग एक काळवीट खायला लागलं आणि त्याच्यामागे कळप आला. "पोट भरलं की दुसऱ्याच्या भुईमुगात कशाला जातील?" एवढंच तुमचं म्हणणं. गणपतभाऊंचा उन्हाळी भुईमूग त्यामुळेच वाचायचा, पण ते कबूल करतील तर शपथ!

तुम्ही गेल्यावर मीही रोज घमेल्यात सरकी ठेवत होते. काल तुमच्या महिन्याच्या श्राद्धाला धाकटे भाऊजी लातूरहून आले. "आईची हरणं," असं म्हणत त्यांनी लोह्याच्या बाजारातून आणलेलं मक्याचं पोतं माळावर ओतलं. डोळे भरून आले होते त्यांचे. मी अडवलं नाही. मलाही वाटलं, दाणा तो दाणा.

आज सकाळी बघते तर रानडुकरांनी मका साफ केलेला आणि तिथून थेट गणपतभाऊंच्या भुईमुगात शिरून वाफे उकरलेले. सरकीचं घमेलं मात्र उलटं पडलेलं, दाणे तसेच! डुक्कर सरकीला तोंड लावत नाही, हे तुम्हाला माहीत होतं ना? घरात कशावरूनही तासभर बोलायचात, मग एवढंच सांगायचं कसं राहिलं?

घरी आले तर गणपतभाऊ दारात उभे. "वैनी, म्हातारीचं खूळ आता बंद. न्हाई तर कुंपणाच्या तारंत करंट सोडतो. मग डुक्कर मरो का हरीण."

 मी त्यांना तसंच माळावर नेलं.

"बघा भाऊ, मक्याचा एक दाणा हाय का? आन् सरकी हाय तशीच पडलीय. हरणावर कामून राग काढून राहिलात?"

"मंग माझ्या भुईमुगाचं काय?"

चुकीचं नव्हतं त्यांचं. मी म्हटलं, "आमच्या रानातला निम्मा भुईमूग तुमचा. पण करंट न्हाई. सरकीला डुक्कर आलं तर मी सोताच बंद करीन."

त्यांनी वाकून उलटं घमेलं सरळ केलं. मग म्हणाले, "बघतो थोडं दिवस."

तुमची फार आठवण येते. भांडून झाल्यावर चहा कुणाबरोबर प्यायचा, तेच कळत नाही.

पण शब्द देते. माळावर गवत फुटेपर्यंत, गुरं परतली की रोज सरकी ठेवीन. भाऊजी कितीही रडले तरी मक्याला माळ दाखवणार नाही. आणि तारेत करंट सोडायला कुणी आलंच, तर आधी मला बाजूला करावं लागेल. म्हातारी गेली म्हणून हरणं बेवारस झाली नाहीत. मी आहे.

तुमची सून,
सुमन