मंगळवारच्या बाया

सोलापूर,
३ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींना आणि दाजींहून जास्त लाडक्या तुझ्या म्हशींनाही सांग. पत्र माझ्या आरोहीच्या हाती देतेय, कारण फोनवर बोलावं तर सासूबाई कानाशीच असतात. आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांची चिंचोळीच्या कारखान्यात दिवसपाळी चालू आहे. माझ्या अंगात देवी येते.

तू हसशील म्हणून आजवर लिहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी भाकऱ्या थापताना छाती एकदम धडधडायला लागली. बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आता मी मरणार एवढंच कळत होतं. माझे हात थरथरताना बघून सासूबाई ओरडल्या, "आली की गं बया!" त्यांनी माझे केस सोडले, कपाळभर कुंकू लावलं. मी लावू दिलं. त्या दिवसापासून मला कुणी उणा शब्द बोलत नाही, आणि ते मला आवडलं, ताई. लिहायला लाज वाटते.

आता दर मंगळवारी दुपारी गल्लीतल्या बाया येऊन बसतात. नुसत्या माझ्या बोटांकडे बघत राहतात. आज येऊ नये, आज येऊ नये, असं मी मनात म्हणते आणि तेवढ्यानेच येतं. रविवारपासून मी तास मोजायला लागते. हेसुद्धा मला आता 'तुम्ही' म्हणतात.

गेल्या महिन्यात सासूबाईंचं बीपी दाखवायला दवाखान्यात गेलो. भिंतीवर एक कागद होता. धडधड, मुंग्या, मरणाची भीती, पुन्हा होईल ही धास्ती. मला चोरून बघून कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं. खाली होतं, हा आजार आहे, उपचाराने बरा होतो.

पुढच्याच मंगळवारी मी सांगितलं, "देवी न्हाय ही. मला भ्या वाटतंय. मी आजारी हाय."

सासूबाईंनी हात जोडले. "देवी रुसलीया," म्हणाल्या. सगळ्या बायांनी जमिनीला डोकं टेकलं.

परवा चाचणी परीक्षेला निघताना आरोहीचे हात तसेच थरथरले. तिलाही श्वास पुरेना. सासूबाई हसत हसत तिची वेणी सोडायला लागल्या.

म्हणून काल मी पहिल्यांदा मुद्दाम घुमले. "पोरीला अकलूजला मावशीकडं धाडा. माजी आज्ञा हाय," म्हणाले. सासूबाईंनी तिची पिशवी स्वतः भरली.

तिला डॉक्टरांकडे ने. घाबरली तर तिच्याजवळ बस आणि कशाची भीती वाटते ते विचार. मला कुणी विचारलं नाही.

माझ्यासाठी आज्ञा करणारं इथे कुणी नाही. मी काहीही बोलले तरी देवीच बोलते. तू ये, ताई, मंगळवारच्या आत ये, आणि सगळ्यांसमोर मला नावाने हाक मार.

तुझी,
दिपाली