कापसाच्या रेघेतलं माह्यं टिंब

मुक्काम सेलू, बुधवार

चि. नत्थूले शकुताईचा पोटभर आशीर्वाद. तुही तब्येत कशी हाय, सुनबाईचा खोकला थांबला का, ते लिवजो. मी बरी हाय, म्हणजे घरातल्या कापसानं खाजवून खाजवून माणूस जेवढं बरं राह्यते तेवढी.

सपरीत, पाहुणे बसवाच्या जागीच, आढ्यापर्यंत कापूस हाय अन तुहे भाऊजी तो इकत नाईत. शेजारचा ताराचंद वर्ध्याच्या बजाराचा भाव सांगते, हे भिंतीवर कोयशानं टिंब लावतेत. भाव चढला तं वर, उतरला तं खाली, मंग टिंबाले टिंब जोडून रेघ. (भिंत मी पांढऱ्या मातीनं नुकतीच पोतली होती.) रेघ घसरतच होती. मी म्हणलं, इकून टाका. तं मलेच इचारतेत, भाकर फुगाच्या आधी उलटवतेस काय? रेघ एकदा उठली तं भुलाचं नाई म्हणे. उठन, खाली बसन, पुन्हा उठन, तवाच बैल जुंपाचे.

इकडं आपल्या पोरीले, कांताले, पाहाले केळझरचे पाहुणे येणार. बसवू कोठी? म्हणून मांगच्या आठवड्यात तू जेवून हात धुवाले गेलता, तवा मी रेघेच्या टोकाले एक टिंब वरतं लावून देल्लं. ताराचंदनं नत्थूले भाव सांगतला म्हणून ठोकून देल्लं. (तुह्यं नाव घेतलं, राग नको मानू.) यायनं भिंतीकडं पाह्यलं अन म्हणे, पयलीच उठ हाय, थांबा!

पाहुणे कापसावरच बसले. पोराचा बाप अण्णाजी, त्याच्याही घरी कापूस भरला हाय. पोट्टी चहा घेऊन उभी, अन हे दोघं रेघेले नाक लावून. जाताना अण्णाजी म्हणे, पोरगी पसंत. रेघ दुसऱ्यांदा उठली का मी बी कापूस इकतो, मंगच लग्नाची तारीख काढू. लग्नाचा मुहूर्त आता कोयसा काढून राह्यला!

ता. क. लिवाचं कारण, शनवारी हे वर्ध्याले जातीन. तवा बंडी घेऊन येजो अन अर्धा कापूस गुपचूप नेऊन इकून टाकजो.

ता. क. दुसरा. बंडी नको आणू. माह्या टिंबानंतर खरा भाव खालीच होता, म्हणून रेघ खाली बसली. आज सकाळी जराकसा चढला, तं पुन्हा उठली. यायनं बैल जुंपले, अण्णाजीले निरोप धाडून राह्यले. पण पयली उठ माही हाय रे, खरी पयली तं आजचीच! उद्या भाव आणखीन चढला तं आपल्या रेघेपायी सस्त्यात इकला म्हणून अण्णाजी सोयरीकच मोडन. मी दारात आडवी होऊन म्हणलं, थांबा जराशे. एवढ्या संसारात यायनं माह्या तोंडून हा शब्द पयल्यांदा आयकला. बैल जुंपलेलेच हायेत अन हे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. चिठ्ठी हातोहात धाडतो. ये, अन ते टिंब तूच गमतीनं लावलं म्हणून सांग. साळ्याले कोणी मारत नाई. निंघ लवकर, भाकर फुगाची वाट नको पाहू.

तुही ताई
शकु