रेघेच्या जागी शून्य

४ ऑगस्ट
नागपूरहून आलेला ट्रेनर दोन तास पडद्यावर नकाशा दाखवत होता. हिरवं म्हणजे कीड नाही किंवा नावापुरती, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे औषध पाठवा. आमच्या भागातल्या सहा कीड सर्वेक्षकांच्या वह्या आता पोर्टलवर जाणार आणि त्या चढवणार मी. मी नऊ वर्षं सर्वेक्षक म्हणून स्वतः धानाच्या बांध्यांचा चिखल तुडवला, तो अनुभव कामी येईल म्हणे. ट्रेनरच्या बुटाला चिखल लागलेला अजून पाहिला नाही.

विचारलं, सर्वेक्षक एखाद्या बांधीत गेलाच नसेल तर? म्हणाला, न जायला काय झालं? रकाना रिकामा ठेवला तर पान पुढे सरकत नाही, शून्य टाका. मी म्हटलं, न पाहणं आणि पाहून काही न सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागून सा. (आमचे साहेब, पूर्ण लिहायची आज इच्छा नाही): "मॅडम, वो बाद में देखेंगे." झालं. पुढची स्लाइड.

७ ऑगस्ट
वह्या आल्या. पाच जणांच्या सरळ आहेत. सहावी मडावीकाकांची, दरेकस्याकडच्या छोट्या वस्तीतून, टोल्यातून. काका सतरा वर्षं हेच काम करतात, चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर मोठं आणि स्वच्छ. ठरलेल्या बारा बांध्या. प्रत्येकीत वाकून धानाचे वीस ठोंब मोजायचे, कितीत गादमाशीनं धरलेले पोंगे, म्हणजे मधले कोंब, दिसले ते लिहायचं. या माशीनं धरलं की पोंग्याची चांदीसारखी पोकळ नळी होते, तिला लोंबी येत नाही. काकांच्या वहीत सगळं बांधीवार, बांधाच्या धुऱ्यावरच्या झाडांच्या नावानिशी. मोहाची बांधी. येनाची बांधी.

या आठवड्याच्या पानावर फक्त येनाच्या बांधीत आकडा, २. बाकी अकरा बांध्यांपुढे रेघ.

फोन केला. टोल्याचे म्हातारे पटेल वारले. या अकराही बांध्या त्यांच्या भावकीच्या. सुतक फिटेपर्यंत घरचेही बांधीत पाय ठेवत नाहीत, बाहेरच्यानं तर नाहीच नाही. दहावं झालं की जातो, म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. त्यांची रेघ म्हणजे पाय ठेवला नाही. शून्य ते तेव्हाच लिहितात जेव्हा वीसचे वीस ठोंब पाहून झालेले असतात.

८ ऑगस्ट
पान सरकत नाही. रेघ टाईप केली, लाल अक्षरं: कृपया संख्या भरा. "पाहिलं नाही" लिहिलं, तेच. हेल्पलाइनवाली मुलगी गोड आवाजात म्हणाली, झिरो डाल दीजिए मॅडम.

दुपारपर्यंत थांबले. ग्रुपवर सा. यांचा मेसेज, कोणत्या भागाचं शंभर टक्के झालं, कोणाचं बाकी. आमचं बाकी.

अकरा शून्यं टाकली. पान सरकलं.

११ ऑगस्ट
आमचा भाग जिल्ह्यात पहिला. सा. यांनी ग्रुपवर माझं नाव घेतलं, खाली फुलं, टाळ्या, हात जोडलेले. आईला दाखवलं, तिनं आमच्या गावात, मुर्रीत, चार घरी सांगितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

दरेकसा नकाशावर हिरवंगार.

१९ ऑगस्ट
मडावीकाका ऑफिसात आले. न कळवता, सकाळच्या गाडीनं. हातात ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून काढून आणलेला कागद. पोर्टलवरून आपोआप निघतो, गावोगावी लावायचा हुकूम आहे. सर्वेक्षकाचं नाव मडावी, बांधी एक ते अकरा, प्रादुर्भाव शून्य.

दहावं उरकून भावकी बांधीत उतरली तर सगळीकडे पांढऱ्या नळ्या. औषध मागायला गेले तर सांगण्यात आलं, तुमचा भाग हिरवा आहे, दाणेदार औषध लाल भागांत गेलं. मग सगळे काकांवर.

काका बसायलाही तयार नव्हते. उभ्यानंच विचारलं, "बाई, मी रेघ मारली होती. शून्य कोनं टाकलं?"

मी म्हटलं, मी.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग सांगितलं, गावात काय बोललं जातंय. "बांधीत गेलो असन तं सुतक मोडलं. नसन गेलो तं घरी बसून खोटं लिवलं. दोन्हीकडून मीच."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. औषधाचं आलं असतं एक वेळ. पण एका शून्यानं सतरा वर्षांचा सरळ माणूस दोन्हीकडून गुन्हेगार होतो, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगतात?

चहा पाजला. घेतला नाही असं नको म्हणून अर्धा घेतला त्यांनी.

२० ऑगस्ट
सा. यांच्याकडे गेले. चूक माझी आहे, शून्यं काढायची आहेत, लेखी देते. म्हणाले लेखी वगैरे कुछ नहीं, पोर्टलपे दुरुस्ती का बटन है, करो और भूल जाओ.

बटण आहे. दाबलं की कारण विचारतं. निवडायला तीनच कारणं:
सर्वेक्षकाने चुकीची माहिती दिली.
सर्वेक्षकाने एकच नोंद दोनदा दिली.
सर्वेक्षकाने बांधी चुकवली.

तीन वेळा शोधलं. चढवणाऱ्याची चूक, असं कुठेच नाही. चढवणारा चुकतच नाही! ज्यानं हे बनवलं तो स्वतः चढवणाराच असणार.

परत सा. यांच्याकडे. त्यांना यात काही वावगं दिसत नाही. "पहिलंच घ्या ना मॅडम. किसको पढ़ना है?" मी म्हटलं, काकांच्या नावावर अकरा चुका लागतील. म्हणाले, तो क्या, उनको कौनसा प्रमोशन चाहिए.

संताप झाला. चौथी शिकलेल्या माणसाच्या नावावर काहीही लिहिलं तरी चालतं, हे ज्याच्या त्याच्या मनात किती पक्कं बसलंय. आमच्या लोकांचं याच्याशीच तर भांडण चालत आलं पिढ्यान्‌पिढ्या. दुसऱ्यानं आपल्याविषयी लिहिलं आणि तेच खरं धरलं गेलं. आणि आता लिहिणारी मी.

२१ ऑगस्ट
हेल्पलाइन. "आपकी सूचना दर्ज कर ली गई है." ट्रेनर फोन उचलत नाही.

बटण दाबलं नाही तर दरेकसा हिरवं राहणार, औषध जाणार नाही. धानाला नवे फुटवे येण्याचे दिवस आता मोजके उरलेत, त्यानंतर औषध देऊन उपयोग नाही. दाबलं तर काका खोटे.

हे मी एकटीनं ठरवायचं नाही. एवढं तरी कळतंय मला.

२३ ऑगस्ट
दरेकस्याला गेले, तिथून टोल्यापर्यंत काकांच्या पुतण्याच्या मोटरसायकलवर. काकांसोबत बाराही बांध्यांत उतरले, मोजलं. येनाच्या बांधीतही आता वीसमधल्या नऊ ठोंबांत नळ्या. मोहाच्या बांधीत तेरा.

पंचायतीच्या ओट्यावर पंधरा-वीस जण जमले. मी सांगितलं. वही उघडून रेघा दाखवल्या, मग मोबाईलवर शून्यं दाखवली. हे शून्य मी टाकलं, काका तुमच्या बांधीत उतरलेच नव्हते आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. एकानं विचारलं, मग कागदावर तुमचं नाव काऊन नाही?

पटेलांची सून मागे बसली होती. ती म्हणाली, "तुमी सांगितलं ते बरं केलं. पन आमाले धान पायजे, बाई."

मग बटणाचं सांगितलं. तिन्ही कारणं वाचून दाखवली. मी काकांना म्हटलं, तुम्ही नाही म्हणाल तर मी दाबत नाही, दुसरा रस्ता शोधते.

काकांनी धुऱ्यापलीकडे पाहिलं. "दाबा. धान थांबून नाही राहत. माह्या नावाचं मंग पाहू."

ओट्यावरच बसून दाबलं, शून्याच्या जागी आजचे आकडे भरले. तिथं रेंज येते. अकरा वेळा. दर वेळी तेच कारण, दर वेळी "आपली खात्री आहे का?" अकराही वेळा खात्री नव्हती.

परत निघताना भिंतीवर नव्यानं चिकटवलेल्या कागदावर काकांच्या नावाखाली पेनानं लिहिलं: शून्य टाकणारी मी, आणि माझं पूर्ण नाव. सरकारी कागदावर लिहू नये म्हणे. लिहिलं.

२६ ऑगस्ट
दरेकसा लाल झालं. औषध सुटलं, उद्या पोचेल. टोल्यातून फोन आला, भावकीतल्यांनी आपणहून काकांना सांगितलं की वाटपाला तुम्हीच उभे राहा. हे ऐकून रडू आलं. ऑफिसातल्या पंख्याखाली, सगळ्यांसमोर.

सा. यांना भिंतीवरच्या पेनाचं कळलं. फोटो फिरतोय म्हणाले. खुलासा द्या. देईन, दोन पानी देईन.

२८ ऑगस्ट
खुलासा दिला. त्यात लिहिलं की कारणांच्या यादीत चौथं कारण घाला. सा. यांनी वाचून फाईलमध्ये ठेवला. वर पाठवणार का, विचारलं. देखते हैं.

औषध पोचलं. नवे फुटवे किती वाचतील ते आठवडाभरात दिसू लागेल.

२९ ऑगस्ट
आज काकांच्या नावानं पोर्टल उघडलं तर: सर्वेक्षक निष्क्रिय. दहापेक्षा जास्त चुका झाल्या की नाव आपोआप बंद होतं. कोणी बंद केलं नाही, आपोआप. याचा मला जास्त राग आला. एखाद्या माणसानं केलं असतं तर त्याच्या दारात जाऊन बसले असते.

सा. म्हणाले, अगली बार नया आदमी देख लेंगे. मी म्हटलं, नवा माणूस बारा बांध्यांची झाडं तरी ओळखेल का. ते मोबाईल पाहत होते.

काकांना फोन करून सांगितलं. धीर एकवटून सांगितलं. ते "हव, बरं" म्हणाले, आणि विचारलं, दाणेदार औषध टाकल्यावर बांधीत पाणी किती दिवस अडवून ठेवायचं.

२ सप्टेंबर
काकांचा कागद आला. गाडीनं कोणाच्या तरी हातून पाठवला. त्यांचं नाव बंद झालंय हे सांगून चार दिवस झाले, त्यांना मोजायला कोणी सांगितलेलं नाही. बाराच्या बारा बांध्या मोजल्यात. ताज्या नळ्या मोहाच्या बांधीत तेरावरून सात, येनाच्या नऊवरून चार. पटेलांच्या घरामागची बांधी अजून वाईट, अकरा. खाली बारीक अक्षरात: नवे फुटवे बरे दिसतात.

आज संध्याकाळी पाचपर्यंत आठवड्याच्या नोंदी चढवायच्या. हा कागद चढला नाही तर पोर्टल पाचनंतर बांधी एक ते बारा स्वतःच शून्य धरेल, नकाशा परत हिरवा होईल आणि दुसऱ्या वेळचं औषध येणार नाही.

आकडे भरले. बाराही. पान सरकत नाहीये, सर्वेक्षकाचं नाव निवडा म्हणतं. दरेकस्याच्या यादीत एकच नाव उरलंय, माझं, मी सर्वेक्षक होते तेव्हाचं; ते निवडलं तर काकांनी मोजलेलं माझ्या नावावर. पावणेपाच झालेत. काकांना विचारायला फोन लावतेय, रेंज नाही.