मामांनी निंदलेलं शोभेचं गवत

रविवार, संध्याकाळ

न्हाई, आधी मला सांग, गवत विकत आणणं गुन्हा आहे का? आईचे गुडघे दुखतात. तिला वाकावं लागू नये म्हणून नर्सरीतून शोभेच्या गवताची सहा रोपं आणल्ती. पाणी कमी, खुरपणी बिलकुल न्हाई. आज धावड्याहून मामा आले. मी आंघोळ करून राह्यल्तो, तेवढ्यात त्यांनी चार उपटली! "भाचेबुवा, अंगणात रान माजलं अन् तुम्ही अंगाला साबण लावून राह्यले?"

शोभेचं म्हणायची हिंमतच झाली न्हाई. मंग म्हणलं, "मामा, नव्या जातीचा चारा हाये." आई पदरात हसून राह्यली. मामा खुश. "एवढ्यानं काय व्हतंय? उरलेली दोन बी द्या, घरी नेऊन आमच्या म्हशीला चाखवतो."

त्यांचा चहा संपत आलाय. मी दोन्ही रोपं मातीसकट काढून मागच्या दारानं लपवायला चाललो.